डोकरीचा गाल

मुखवट्याची बाहेरची बाजू सारा गाव पाहतो. आतली बाजू फक्त दोघांना दिसते, जो बनवतो त्याला आणि जो घालतो त्याला. माझ्या मुखवट्यांच्या आत शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिका असतात. वर्तमानपत्राचा कागद खळीत लवकर विरघळतो, उत्तरपत्रिकेचा जाड आणि चिवट, म्हणून भंगारवाल्याला सांगून ठेवलं आहे की तो गठ्ठा माझा. त्यामुळे आमचा राक्षस मंडईच्या भर जत्रेत गर्जत असतो तेव्हा त्याच्या कपाळाला आतून 'रिकाम्या जागा भरा' चिकटलेलं असतं. एक नट तर माझ्यावर कायमचा रुसून होता. म्हणायचा, काका, दर खेपेला मुखवटा घालताना 'अक्षर सुधारा' वाचावं लागते, सारा जोर निघून जाते.

मी सानगडीच्या बाजूचा. पोटासाठी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आणि हौस म्हणा की खोड म्हणा, मुखवटे बनवले. ती खोड बापाची. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं गावकऱ्यांचं नाटक. नाचगाणं, टिंगल, देव, राक्षस, सगळं एकाच अंगणात. दिवाळी झाली की इकडे गावोगाव मंडई भरते. पाळणे, मिठाई, पाहुणे, आणि दुपारच्या उन्हात दंडार. त्या दंडारीची सोंगं बाप बनवायचा, आता मी बनवतो.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. तलावाच्या गाळाची माती मळून आधी चेहऱ्याचा साचा करायचा. तो वाळला की त्याला तेल आणि राख चोळायची, नाहीतर कागद साच्याला असा धरतो की सुटायचं नाव नाही. मग कागदाचे तुकडे चिंचोक्याच्या खळीत भिजवून एकावर एक थर. खळीत चिमूटभर मोरचूद, किडीसाठी. सावलीत वाळवायचं, उन्हात घातलं की तोंड आखडतं. वाळलं की साच्यावरून काढायचं, डोळे कापायचे, रंग द्यायचा. काळा रंग मी विकत आणत नाही. चिखल्याला मॅंगनीजची खाण आहे, तिथली काळी धूळ डिंकात कालवली की जो काळा होतो तो कुठल्या डबीत मिळत नाही. केस लागले तर आंधळगावच्या विणकरांकडून कोशाच्या रेशमाचा टाकाऊ धागा आणतो. आणि तोंडाचं भोक कापतो ते सगळ्यात शेवटी, नटाला समोर बसवून. त्याला बोलायला लावतो आणि ऐकत ऐकत कापतो. डोळ्यांचं माप दोऱ्याने घेता येतं, आवाजाचं कानानेच घ्यावं लागतं.

गिऱ्हाईकं म्हणाल तर एकापेक्षा एक. निवडणुकीच्या दिवसांत एक कार्यकर्ता आला, त्याला रावणाला विरोधी उमेदवाराचं नाक हवं होतं. म्हटलं, नाक बनवीन, पण उद्या ते निवडून आले तर ते नाक तू घालून फिरशील का? परत आला नाही. मोहफुलं वेचायला जंगलात जाणाऱ्या बाया एकदा घोळक्याने आल्या. वाघ म्हणे मागून येतो, चेहरा समोर असला तर येत नाही, म्हणून डोक्याच्या मागे बांधायला मुखवटे पाहिजेत. कसा चेहरा करू विचारलं तर त्यातली एक म्हणाली, "माह्या सासूसारका करा. वाघ काय, पाहुने बी पळून जातीन." तिची सासू त्याच घोळक्यात उभी होती आणि सगळ्यांत मोठ्याने तीच हसली. मुखवटे नेले. वाघाला ते कसे वाटले, मला सांगायला कोणी आलं नाही.

पण ज्या गिऱ्हाइकासाठी हे लिहायला बसलो, ते मुखवटा घ्यायला आलंच नव्हतं. भांडायला आलं होतं.

होळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळी अंगणात बसून पाटी घासत होतो. एक बाई स्कूटीवरून उतरली. चाळिशीची, तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला. आमच्याकडे उन्हाला सगळ्याच गुंडाळतात, त्यात काही विशेष नाही. नाव सांगितलं वनिता. दोन कोसांवरच्या गावात अंगणवाडीसेविका. ओसरीत डोकरीचा मुखवटा टांगलेला होता. त्याच्याकडे बोट करून तिने विचारलं, हे तुम्हीच बनवता ना? मी ऐटीत म्हटलं, हो, दोन पिढ्यांपासून. मग तिने स्कार्फ सोडला.

तिच्या डाव्या बाजूचं तोंड खाली ओढलेलं होतं. थंडीच्या दिवसांत चेहऱ्यावरून वारं गेलं होतं. डॉक्टरने सांगितलं नस सुजली आहे, औषधं झाली, मालिश झाली, डोळा मिटायला लागला, पण ओठाचा कोपरा काही वर आला नाही. मला सांगायला लाज वाटते, पण माझं पहिलं लक्ष गेलं ते कानापासून ओठापर्यंतच्या ओढीवर. माझा अंगठा आपोआप तर्जनीवर आला, माप घेतल्यासारखा. तिने ते पाहिलं. मी हात पाठीमागे घेतला.

डोकरी म्हणजे आमच्याकडे म्हातारी. दंडारीतली आमची डोकरी सगळ्या पंचक्रोशीला माहीत. तलावाच्या तुडुमावर, म्हणजे ज्या भोकांमधून तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांत सोडतात त्यावर, ती बसून राहते आणि कोणाला पाणी घेऊ देत नाही. शेवटी नायक येऊन तिला झाडूने मारतो, पाणी सुटतं, पोरं टाळ्या पिटतात. डोकरीचं तोंड डावीकडे वाकडं. मागच्या मंडईत वनिताबाईच्या गावच्या पोरांनी हा खेळ पाहिला होता. आणि तीन महिन्यांनी त्यांची अंगणवाडीची बाई सुटीवरून परत आली ती तसंच तोंड घेऊन.

वनिताबाईने सगळं सांगितलं ते उभ्यानेच. अंगणवाडीत आरोही नावाची चार वर्षांची पोरगी आहे. रोज बाईच्या मांडीवर बसल्याशिवाय खिचडीचा घास घेत नसे. ती बाईला पाहून 'डोकरी आली' म्हणून ओरडली आणि दाराबाहेर पळाली. तिच्या मागे बाकीची पोरं पळाली. दुसऱ्या दिवशी तेच. पोरांचं काय चुकलं, पोरं ती. मग बाईने पुन्हा रजा टाकली. आता रजा पंधरा दिवसांत संपत होती, आणि राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलेला होता. सोळा वर्षांची नोकरी.

"पोरायवर माहा राग नाही," ती म्हणाली. "पन जायच्या आधी तुमाले एक इचारून जावं म्हटलं. तिचं तोंड वाकडं काहून हाये?"

मी म्हटलं, "ती वाईट आहे ना बाई. पाणी अडवते."

"वाईट मानसाचं तोंड वाकडं असते का?"

तोंडात मारल्यासारखं झालं. साठी उलटून गेली, किती डोकऱ्या बनवल्या त्याचा हिशेब नाही, आणि हा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नव्हता. बापाने वाकडं केलं म्हणून मी वाकडं करत आलो. मी चहा घ्या म्हटलं. तिने स्कार्फ बांधला आणि निघून गेली.

ती गेल्यावर पाटीवर हात चालेना. आत जाऊन डोकरीचा साचा काढला. हा साचा बापाच्या हातचा, माझ्या इतर साच्यांहून जुना. त्याचं एक दुखणं होतं. डावा गाल दबलेला, सपाट. बाप गेल्यावर साचा माझ्याकडे आला तेव्हाच मी ठरवलं होतं की बैलबंडीतून नेताना कुठेतरी आपटला असणार. बापाच्या जुन्या मुखवट्यांचा गालही तसाच सपाट असायचा, तेव्हा म्हातारबाने आळस केला, दुरुस्त केला नाही, असं मी लोकांना हसत सांगायचो. मी तो खड्डा मातीने भरून गाल छान गोल केला. पण दर वर्षी ती भर तडकून निसटायची आणि दर वर्षी मी नव्याने भरायचो. बापाच्या मातीलाच नाव ठेवायचो. असा मी शहाणा.

त्या दिवशी विळ्याच्या टोकाने ती सगळी भर उकरून काढली. ओल्या फडक्याने पुसली. आणि पहिल्यांदा, खरं म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा, त्या सपाट जागेकडे नीट पाहिलं. वाळलेली माती आपटली तर तिचा टवका उडतो, कड खरखरीत राहते. इथे कड गुळगुळीत होती. ओली असताना अंगठ्याने फिरवून बसवलेली. अंगठ्याच्या रेघासुद्धा दिसत होत्या, आणि बापाच्या अंगठ्यावर कुऱ्हाडीचा वण होता तो त्या रेघांमधून आडवा गेलेला. बापाने गाल मुद्दाम सपाट केला होता. तीस वर्षं मी बापाची चूक समजून त्याचं काम बुजवत होतो.

पण का केला, ते साचा काही बोलत नव्हता. मी पोरवयातच पाट्या रंगवायला शहरात गेलो आणि बाप गेल्यावर परतलो, त्यामुळे त्याच्या वेळचा खेळ मला माहीत नव्हता. विचारायचं तर एकच माणूस उरला होता, गोमाकाका. बापाच्या वेळी डोकरीचं सोंग तोच घ्यायचा. आता पोराकडे चिखल्याला राहतो. पोरगा खाणीत, खाली उतरतो. भर न घातलेल्या साच्यावर एक मुखवटा काढला, वाळवला, बिनरंगाचाच पिशवीत घातला आणि तुमसरवरून चिखल्याची गाडी धरली. काळी धूळ आणायला म्हणून मी तिथे दर वर्षी जातो आणि दर वर्षी, पुढच्या खेपेला भेटू, असं म्हणून गोमाकाकाला न भेटता परततो. हेही लिहून टाकतो.

कॉलनीतल्या क्वार्टरपुढे बाजेवर बसला होता. दृष्टी गेलेली, कान बरे. नाव सांगितलं तर हात पुढे केला. मी मुखवटा दिला. त्याने कपाळ चाचपलं, नाक चाचपलं, मग बोट डाव्या गालावर आलं आणि तिथेच थांबलं.

"आली का वापस?" म्हणाला. मला नव्हे, तिला.

मग माझी जी खरडपट्टी काढली ती इथे लिहिण्यासारखी नाही. दम लागला तेव्हा थांबला, पाणी प्याला, आणि गोष्ट सांगितली. ती मी माझ्या भाषेत सांगतो.

एक डोकरी होती. तलावाच्या पाळीवर एकटी राहायची, शिंगाडे विकायची. पोळ्याचा दिवस. सारा गाव बैल घेऊन तोरणाखाली गेलेला. तलाव काठोकाठ. आणि तुडुमाचा लाकडी दट्ट्या निसटला. पाणी असं धावलं की घटकाभरात तलाव रिकामा झाला असता आणि वर्षाचं धान गेलं असतं. डोकरीने हाका मारल्या, ढोलांच्या आवाजात कोणाला ऐकू येणार! ती गळ्याएवढ्या पाण्यात उतरली. भोकाला हात लावला, हात निसटला. पाठ लावली, पाठ सरकली. मग गाल लावला आणि तुडुमाचा खांब कवटाळून बसली. पाण्याने गाल ओढून धरला तो धरलाच. दिवस कलल्यावर बैलांना पाणी पाजायला लोक आले तेव्हा कुठे तिला सोडवलं. तलाव वाचला, पण गाल सपाट तो सपाटच राहिला आणि तोंड डावीकडे ओढलेलं राहिलं. मालगुजाराने, म्हणजे तलावाच्या मालकाने विचारलं, काय पाहिजे ते माग. ती म्हणाली, काही नको, फक्त माझ्या तोंडाला कोणी हसू नका.

"म्हनून खेळ सरला का साऱ्या गावचे लेकरं येऊन माह्या गालाले हात लावत," गोमाकाका म्हणाला. "आया तान्ही पोरं घेऊन येत. डोकरीच्या गालाले हात लावला का त्या घरचं धान वाळत नाही. मंग तू गाल भरून टाकला. गाल गेला तशी गोष्ट बी गेली. नव्या पोरायले काय मालूम? तोंड वाकडं हाये म्हन्जे वाईटच असन, म्हनून त्याइनं तिले वाईट केलं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो, कारण डोळे भरत होते आणि शेजारी ओळखीचा माणूस होता.

दुसऱ्या दिवशी वनिताबाईच्या घरी गेलो. पिशवीतून मुखवटा काढताच ती म्हणाली की झाकायला स्कार्फ पुरेसा आहे. मी म्हटलं झाकायला नाही आणला, आधी ऐका. गोष्ट सांगितली. माझ्या हाताने काय झालं तेही सांगितलं, काही लपवलं नाही. संपल्यावर म्हणाली, पुन्हा सांगा. पुन्हा सांगितली. मग तिने मुखवटा घेतला आणि खूप वेळ त्याच्या गालावर अंगठा फिरवत राहिली.

अंगणवाडीत मुखवटा घालून ही गोष्ट तिनेच सांगायची, एवढं ठरलं. तोंडाचं भोक कापायला तिला समोर बसवलं. आणि आमच्या धंद्यातली सगळ्यात अवघड कापणी ती ठरली. ओठ एका बाजूने मिटत नसल्यामुळे तिचे प, ब, म हवेत निसटत होते. 'पाणी' म्हणायची तर नुसता वारा निघायचा. नेहमीसारखं मधोमध कापून चालणार नव्हतं. मी डावा कोपरा खाली घेतला, पुन्हा बोलायला लावलं, ओठाला टेकायला आधार मिळावा म्हणून आतून कागदाची पट्टी लावून कड जाड केली, पुन्हा बोलायला लावलं. तिसऱ्या खेपेला मुखवट्यातून 'पाणी' स्वच्छ आलं. तीही दचकली. मग उगाच चार वेळा पाणी, पाणी म्हणून पाहिलं आणि हसली. ते हसू मी मुखवट्याच्या आतून आलेलं ऐकलं.

रजा संपली त्या दिवशी मी अंगणवाडीच्या दाराशी उभा होतो. मदतनीस बाईने पोरांना सतरंजीवर बसवलं होतं. वनिताबाई मुखवटा घालून आत आली तशी अर्धी पोरं मागे सरकली, आरोही तर दाराशी, माझ्या धोतराला धरून. बाईने काही चाळे केले नाहीत. खाली मांडी घालून बसली आणि गोष्ट सुरू केली. हात निसटला, पाठ सरकली, तेव्हा एकदोघं पुढे आली. गाल लावला तेव्हा सारी सतरंजी पुढे सरकली. गोष्ट संपल्यावर तिने सांगितलं की आता डोकरीच्या गालाला हात लावायचा. एकेक पोरगं उठलं, हात लावून गेलं. आरोही जागची हलली नाही.

मग वनिताबाईने जे केलं ते आमच्यात ठरलेलं नव्हतं. तिने मुखवटा काढून मांडीवर ठेवला. आत तेच तोंड. मला वाटलं झालं, सगळ्यावर पाणी पडलं, आता पळणार. आणि माझ्या धोतराची पकड सुटली.

आरोही सतरंजीवरून सरळ चालत गेली. मांडीवरच्या मुखवट्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. बाईच्या गालावर, खऱ्या गालावर, तिने तळहात ठेवला.

"बाई, पानी लय थंडं होतं?"

वनिताबाईने तो तळहात तसाच गालावर धरला. "लय थंडं होतं बेटा," ती म्हणाली.

पोरीने मुखवटा उचलून बाजूला ठेवला, कारण तो तिच्या जागेवर होता, आणि मांडीवर बसली. मदतनीस बाईने खिचडी वाढली. मी बाहेर येऊन विडी शोधू लागलो. विडी सोडून बारा वर्षं झाली आहेत.

दंडारीच्या मंडळींशी मग माझं मोठं भांडण झालं. झाडूचा प्रसंग हमखास हशा घेतो, तो काढायचा कसा, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मग डोकरी बाजारातून प्लास्टिकची आणा, माझ्या घरची मिळणार नाही. आठ दिवस अबोला होता. शेवटी त्यांच्यातल्या दोघांना गाडीभाडं देऊन चिखल्याला धाडलं. गोमाकाकाने त्यांची काय पूजा केली मला माहीत नाही, परत आले ते नवा शेवट पाठ करूनच आले. वनिताबाईला म्हणाले, डोकरी तुम्हीच करा. ती म्हणाली, मले माही अंगणवाडी पुरे झाली, पोरं घेऊन गाल शिवाले येईन.

येत्या मंडईसाठी नवी डोकरी केली आहे. सपाट गालाची. थर लावत होतो तेव्हा वनिताबाई आली होती, तिने पर्समधून कागदाची एक घडी काढून दिली. म्हणाली, हे बी लावून टाका कुठंतरी, कागद चांगला हाये. मी वाचलं नाही. खोटं कशाला बोलू, वाचलं. मग तीन तुकडे केले, खळीत भिजवले आणि गालाच्या आतून लावले.

परवा डोकरीचं सोंग घेणारा पोरगा मुखवटा घालून पाहायला आला. काढून आत डोकावला आणि विचारू लागला, काका, हे उत्तरपत्रिकेसारखं दिसत नाही, 'मी स्वखुशीने' असं काहीतरी लिहिलं आहे, कोणाचं आहे? म्हटलं, तू आपला संवाद पाठ कर.